साडेआठ ते दीड ज्वालामुखी

गेले आठ दिवस सकाळचे नऊ वाजले की आमच्या गॅलरीसमोर "टक् टक् टक् टक्" सुरू होतं. कपातला चहासुद्धा थरथरतो. समोरच्या खड्ड्यात पोकलेनला ब्रेकर लावून कातळ फोडतायत. दुपारी एक वाजता जेवायची सुट्टी झाली की एवढी शांतता पसरते, की आपलेच कान वाजतायत असं वाटतं.

कर्वेनगरात आता याचं कुणाला काही वाटत नाही म्हणा. दर दोन गल्ल्या सोडून पत्रे ठोकलेले असतात. उन्हाळा, पावसाळा तसा रिडेव्हलपमेंट हा आमच्याकडचा नवा ऋतू. फरक इतकाच, की या वेळचा खड्डा आमच्या घराचा आहे. १९८४ साली आम्ही इथे राहायला आलो तेव्हा सासूबाई कुणाला पत्ता सांगताना "हिंगण्याला" असंच सांगायच्या. कर्व्यांची संस्था, आजूबाजूला शेतं, आणि रात्री स्टेशनवरून यायचं म्हटलं की रिक्षावाला मान हलवायचा. त्या दोन खोल्या-स्वयंपाकघरात चाळीस वर्षं गेली. आता तिथे अकरा मजले होणार आहेत. तोवर आम्ही दोघं समोरच्याच गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतोय. सामान हलवताना बाकी सगळं सुरळीत झालं, एकच वस्तू वादाची ठरली. तिच्याबद्दल पुढे सांगते.

पहिले चार दिवस खड्ड्यातून माती निघाली, मग मुरूम. मग एके सकाळी मशीनचा आवाजच बदलला. हे पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "लागला काळा पाषाण." पाटबंधारे खात्यात उभी नोकरी केलेल्या माणसाला कातळ नुसत्या आवाजावरून कळतो.

मी उठून पाहिलं. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात मुरूम संपून खाली काळाभोर, ओलसर दगड उघडा पडला होता. आणि मला एकदम २०१९ चा जून आठवला. तो हवाईचा ज्वालामुखी. नात्यातल्या मंडळींना ती सहल "तिथे म्हणे काहीच दिसलं नाही" एवढीच माहीत आहे. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं आज लिहायला घेतलंय, ब्रेकरच्या तालावर.

तर झालं असं, की आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून कॅलिफोर्नियातल्या चिरंजीवांनी आम्हाला हवाई बेटांच्या क्रूझची तिकिटं दिली. होनोलुलूला जहाजात बसायचं, सात दिवस वेगवेगळ्या बेटांना लागत जायचं आणि पुन्हा होनोलुलू. क्रूझ म्हणजे काय ते एका वाक्यात सांगायचं तर तरंगतं मंगल कार्यालय. सकाळपासून रात्रीपर्यंत पंगती उठतायत, लोक नटून फिरतायत, कुठेतरी वाद्यं वाजतायत, आणि लग्न कुणाचं आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. आम्ही दोन दिवस सगळं चाखून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये बसून मेतकूट-भात खाल्ला. भात पंगतीतला, मेतकूट घरचं.

जहाजावर एक काउंटर होता, तिथे प्रत्येक बंदरावरच्या सहलींची यादी लावलेली. हिलो बंदर: ज्वालामुखी, सकाळी साडेआठ ते दुपारी दीड. मला त्या वेळापत्रकाचंच हसू आलं. ज्वालामुखीची काय बँकेसारखी वेळ असते? ह्यांनी सवयीने किमतीला सत्तरने गुणलं आणि म्हणाले, "अगं, एवढ्यात महाबळेश्वर होईल. दोन रात्री. स्ट्रॉबेरीसकट." पण मुलाने आधीच पैसे भरून ठेवले होते, त्यामुळे महाबळेश्वर बारगळलं.

सकाळी धक्क्यावर आमच्या छातीवर बस नंबरचं गोल स्टिकर चिकटवण्यात आलं. शाळेच्या सहलीत आम्ही पोरांच्या खिशाला चिठ्ठ्या लावायचो, तसं. मला बस लागते म्हणून मी पुढची जागा मागून घेतली, ड्रायव्हरच्या अगदी मागची. तोच गाईड. साठीचा, जाडजूड, फुलाफुलांचा शर्ट. चढताना मला म्हणाला, "सावकाश, आंटी." मी चमकलेच. नंतर कळलं, हवाईत वडीलधाऱ्या माणसांना आंटी आणि अंकल म्हणायची पद्धतच आहे, ओळख असो वा नसो. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला नात्याने हाक मारली होती. मी तिथेच त्याच्या बाजूने झाले.

हिलो पावसाचं गाव. आमच्या कोकणासारखं, सगळीकडे शेवाळ आणि ओल. समुद्रकाठच्या रस्त्यावर त्याने एक खांबावरचं घड्याळ दाखवलं, एक वाजून चार मिनिटांवर थांबलेलं. १९६० सालच्या मे महिन्यात रात्री त्सुनामी आली, तेव्हापासून ते तसंच ठेवलंय. १९४६ सालीही एक येऊन गेली होती. "तरी लोक इथेच राहतात?" मागून कुणीतरी विचारलं. "मग कुठे जाणार?" तो म्हणाला आणि गिअर बदलला.

गाव मागे पडल्यावर त्याने माइक हातात घेतला. "मंडळी, एक गोष्ट आधीच सांगतो. आज लाव्हा दिसणार नाही. गेल्या वर्षी थांबला." बसमध्ये एकदम शांतता. "लाल रंगाचं काही पाहायचं असेल तर भेटवस्तूंच्या दुकानात पोस्टकार्डं आहेत."

हे माझ्या कानाशी म्हणाले, "सत्तरने गुणलेले परत देतात का विचार."

पाऊण तासात आम्ही किलाउएआच्या माथ्यावर पोचलो. माथा म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तसा सुळका नाही. चढ एवढा हळू की डोंगर चढतोय हे कळतच नाही. उंची चार हजार फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वरला थोडी कमी. बुरबुर पाऊस, अंगावर काटा आणणारा गारवा, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच नेचे. एका ठिकाणी जमिनीच्या भेगांतून वाफा येत होत्या. पावसाचं पाणी झिरपत खालच्या तापलेल्या खडकापर्यंत जातं आणि वाफ होऊन परत येतं, इतकं साधं. मी कठड्याशी उभी राहून हात पुढे केले. मोदकपात्राचं झाकण काढल्यावर येते तशी ओली, ऊबदार वाफ. चष्म्यावर धुकं. खाली कुणीतरी चूल पेटवून ठेवलीय आणि आपण माजघरात उभे आहोत, असं काहीतरी वाटलं. ते मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

मग विवराचा काठ. तिथली ज्वालामुखीची देवी पेले. तिचं घर म्हणजे हे हालेमाउमाउ नावाचं विवर. काही वर्षं त्यात लाव्हाचं तळं होतं, रात्री लोक काठावरून ती लाली बघायला यायचे. २०१८ साली मे महिन्यात ते तळं आटायला लागलं. आतला लाव्हा जमिनीखालून पूर्वेकडे सरकला आणि काही कोस दूर, लोकवस्तीत बाहेर पडला. तळ रिकामा झाल्यावर इथला माथा खचत गेला, तीन महिने भूकंप. काठावरच्या एका संग्रहालयाला असे तडे गेले की ते कायमचं बंद करावं लागलं. विवर पाचशे मीटरवर खोल गेलं. हे सगळं त्याने सांगितलं. आम्हाला समोर दिसत होतं ते एक प्रचंड, राखाडी, मुकं भगदाड. त्यात ढग उतरलेले. आमच्या बसमधल्या एका बाईंनी दोन फोटो काढले आणि विचारलं, "एवढंच?"

एवढंच. पंचवीस मिनिटं. (परतीच्या वाटेवर सुक्या मेव्याच्या कारखान्यात मात्र चाळीस मिनिटं दिली होती, हे इथे नमूद करून ठेवते.)

पण त्याआधी एक थांबा होता, रस्त्याच्या कडेला. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर काळा दगड पसरलेला. कुठे दोरांचे वेढे टाकून ठेवल्यासारखा, कुठे घड्या पडलेल्या. दूध तापवून गार केल्यावर वरची साय बोटाने सारली तर कशा सुरकुत्या पडतात, अगदी तशा. आणि गंमत म्हणजे कारणही तेच. वरचा थर निवून त्याची साय धरते, खालचा रस वाहतच असतो, तो साय ओढत नेतो. याला तिथल्या भाषेत पहोएहोए म्हणतात. आणि दुसरा एक प्रकार असतो, खरखरीत, तुकड्यातुकड्यांचा, त्यावर अनवाणी चाललात तर तोंडातून जो आवाज निघेल तेच त्याचं नाव: आ-आ. जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ हेच दोन हवाईयन शब्द वापरतात.

"हा लाव्हा १९७४ चा," तो म्हणाला.

मी खाली वाकून हात लावला. १९७४ साली मी कॉलेजात होते. म्हणजे हा दगड माझ्यापेक्षा लहान! आयुष्यभर दगड म्हणजे जुनं, न बदलणारं, युगानुयुगांचं काहीतरी असं समजत आले. दगडावरची रेघ, दगडासारखं मन, काय काय म्हणतो आपण. आणि इथे माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही धाकटा दगड पडलेला. भेगेतून एक वीतभर रोप वर आलं होतं. ओहिया. नव्या लाव्हावर सगळ्यात आधी रुजणाऱ्या झाडांपैकी एक, त्याला तांबड्या तुऱ्यांची फुलं येतात, लेहुआ.

आता पुढचं सांगायला जरा लाज वाटते. मी त्यातला एक सुपारीएवढा तुकडा उचलला आणि पर्समध्ये टाकला. नातवाला दाखवायला, असं मनाशी म्हटलं. बसच्या पायरीवर पाय ठेवला तर ड्रायव्हर माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाला, "आंटी, तो ठेवून या."

रागाने नाही. लहान मुलाला सांगावं तसं. उद्यानातला दगड नेणं बेकायदेशीर तर आहेच. पण तो म्हणाला, दरवर्षी इथे जगभरातून टपालाने दगड परत येतात. लोक घेऊन जातात, मग घरात काहीतरी वाईट घडतं, आणि पेले रागावली म्हणून माफीच्या चिठ्ठीसकट पाठवून देतात. "देवी असेल नसेल," तो म्हणाला, "पण टपालखर्च वाचवा." मी मुकाट्याने गेले, तुकडा होता तिथे ठेवला. सगळी बस बघत होती. ह्यांनी खिडकीबाहेर अशा काही एकाग्रतेने पाहिलं, की जणू ही बाई कोण आपल्याला ठाऊकच नाही.

परतीच्या वाटेवर बाकीचे पेंगले. मी पुढेच बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "गेल्या वर्षी तुमच्या घराकडे काही झालं नाही ना?"

"घर गेलं," तो म्हणाला.

लेइलानी इस्टेट्स नावाची वस्ती. ३ मे २०१८ ला तिथल्या रस्त्यातच पहिली भेग पडली आणि लाव्हा उडायला लागला. मग एकामागून एक, चोवीस भेगा. ऑगस्टपर्यंत चाललं. सातशेच्या वर घरं गेली. किनाऱ्यावरचा एक अख्खा उपसागर दगडाने भरून गेला. जिथे पोरं पोहायची तिथे आता चालत जाता येतं. त्याचं घर पहिल्या दिवशी नाही गेलं, तीन आठवड्यांनी गेलं. लाव्हा सावकाश येतो, तो म्हणाला. माणसाला वेळ देतो. तेच वाईट.

हे मागून पुढे वाकले. "विम्याचं काय?" तो नुसता हसला.

मी विचारलं, बाहेर काय काढलंत? कागदपत्रं, तो म्हणाला. कुत्री. बायकोचं शिवणाचं मशीन. आणि आजीचा दगड.

तो कसला दगड, हे त्याला मला दोनदा सांगावं लागलं. तिथली माणसं अळवाचे कंद उकडतात आणि लाकडी पाटावर दगडाने कुटून त्याचं लापशीसारखं पोई करतात. त्या कुटायच्या दगडाला खाली फुगीर बूड असतं आणि वर धरायला मूठ. काळ्या लाव्हाच्याच दगडातून घडवलेला. आजीचा, तिच्या आईचा. "लाव्हाचा दगड लाव्हापासून वाचवलात?" मी म्हटलं. तो म्हणाला, "जमीन तिची होती, ती घेऊन गेली. आम्ही राहत होतो एवढंच. पण तो दगड आजीचा."

आणि मग मी, जी परक्या माणसाशी इंग्रजीत दोन वाक्यांवर बोलत नाही, त्याला आमच्या सासूबाईंच्या पाट्याची गोष्ट सांगितली.

१२ जुलै १९६१. पुण्याच्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही. पानशेतचं मातीचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली, आणि मुठेचं पाणी पेठांमधून शिरलं. सासरचं घर तेव्हा नदीकाठच्या पेठेत होतं, भाड्याचं. हे आठ वर्षांचे. सासूबाईंनी तीन पोरं घेतली आणि चढाच्या दिशेने चालत सुटल्या, अंगावरच्या कपड्यांनिशी. पाणी ओसरल्यावर परत आल्या तर वाडा अर्धा बसलेला. भांडी, ट्रंका, देव, सगळं वाहून गेलेलं. चिखल उपसला तेव्हा स्वयंपाकघराच्या जागी पाटा सापडला. जागचा हलला नव्हता. वरवंटा नाही मिळाला, तो नंतर दुसरा घेतला. म्हणून त्या जोडीचा रंग कधी जुळला नाही. पाटा काळाकुट्ट आणि वरवंटा जरा करडा. सासूबाई म्हणायच्या, "माझ्या संसारात तेवढाच एक खरा जड निघाला."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "आंटी, तुमच्याकडेही लाव्हाचा दगड आहे मग."

मी म्हटलं नाही हो, आमच्याकडे कुठला ज्वालामुखी! हे मागून म्हणाले, "आहे. अख्खा महाराष्ट्र."

ते काय म्हणाले ते मला नीट कळलं दोन दिवसांनी, कवाईला. हे त्या मालिकेतलं जुनं बेट. मोठं बेट, जिथे किलाउएआ आहे, ते सगळ्यात लहान वयाचं, दहा लाख वर्षांच्या आतबाहेरचं. कवाई पन्नास लाख वर्षांचं. तांबडी माती, हिरवेगार कडे, कड्यांवरून धबधबे. डेकवर उभी राहून मी म्हटलं, "अगदी माळशेज घाट दिसतोय." हे म्हणाले, "दिसणारच. दगड एकाच जातीचा." आणि मग या माणसाने, जो चाळीस वर्षांत माझ्याशी धरणांखेरीज खडकावर कधी बोलला नव्हता, मला डेकवर भूगोल शिकवला.

ते असं. पृथ्वीच्या पोटात एका जागी चूल पेटलेली आहे आणि वरून तवा सरकतोय. तव्याचा जो भाग चुलीवर येतो तिथे फोड येतो. तवा पुढे गेला की तो फोड निवतो आणि मागे नवा येतो. म्हणून हवाईची बेटं ओळीत आहेत, एका टोकाला तापलेली, दुसऱ्या टोकाला थंड, झिजलेली. आपलाही तवा असाच एका चुलीवरून गेला. साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी. तिथे सुळक्याचा डोंगर नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा वाहिला, थरावर थर. आज उरलाय तोच पाच लाख चौरस किलोमीटर, आणि पश्चिम घाटात थरांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास. शाळेत 'दख्खनचे पठार' म्हणून घोकलं ते हे. घाटात रेल्वेने जाताना डोंगराला पायऱ्या पायऱ्या दिसतात ना, ते थर. डेक्कन ट्रॅपमधला 'ट्रॅप' हा शब्दच स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय. आपली ती चूल अजून विझलेली नाही, बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते ती आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. आपण पुढे सरकलो एवढंच.

म्हणजे वेताळ टेकडी लाव्हा. पाताळेश्वरची लेणी लाव्हात कोरलेली. कार्ले, भाजे, अजिंठा लाव्हात. शनिवारवाड्याचं जोतं लाव्हा. वनदेवीच्या देवळाकडे चढताना पायाखाली लागतो तो कातळ लाव्हा. आणि सासूबाईंचा पाटा, अर्थातच, लाव्हा. आणि मी तिथे सुपारीएवढा तुकडा चोरत होते!

घरी परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, ज्वालामुखी कसा होता? मी सांगायची, काही नव्हतं हो, भगदाड होतं. लोक हळहळायचे. एवढे पैसे घालून गेलात आणि आगसुद्धा नाही दिसली! मीही त्यांच्याबरोबर थोडी हळहळायची. तेवढंच सोपं होतं.

मग त्याच वर्षी ९ डिसेंबर आला. न्यूझीलंडमधल्या व्हाकारी नावाच्या बेटावर दुपारी दोन वाजून अकरा मिनिटांनी स्फोट झाला. पाण्यातून वर आलेला ज्वालामुखी, त्याच्या विवरापर्यंत लोकांना चालवत नेत. त्या वेळी बेटावर सत्तेचाळीस माणसं होती. त्यातली अडतीस एका क्रूझ जहाजातून दिवसभराच्या सहलीला आलेली. त्या सत्तेचाळीसातली बावीस गेली. दोघांची शरीरं मिळालीच नाहीत. लाव्हा नव्हता, नुसती तापलेली वाफ, राख आणि दगड. तीन आठवड्यांपूर्वीच तिथल्या धोक्याची पातळी १ वरून २ केली होती, तरी सहली चालू होत्या.

मी ती बातमी दोन-तीनदा वाचली. त्यांच्याही हातात असंच वेळापत्रक असेल. इतक्या वाजता निघायचं, इतक्या वाजता परत. पाण्याची बाटली, टोपी, चांगले बूट. जहाज बंदरात थांबलेलं, रात्रीच्या जेवणाची टेबलं मांडून. आणि परतताना त्यांच्यातही कुणीतरी "एवढंच?" म्हणालं असतं, जर ज्वालामुखी त्या दिवशी गप्प राहिला असता. मला आमच्या बसमधली ती शांतता आठवली, आज लाव्हा नाही म्हटल्यावरची. आम्ही रुसलो होतो. ज्याने त्या ड्रायव्हरचं घर नेलं, तो आमच्यासाठी साडेआठ ते दीड जागा राहिला नाही म्हणून! त्यानंतर कुणी हवाईबद्दल विचारलं की मी हळहळायची बंद झाले.

किलाउएआ नंतर उठला म्हणा. २०२० च्या डिसेंबरात, मग मधूनमधून. आणि २३ डिसेंबर २०२४ पासून तर थांबून थांबून कारंजी उडवायला लागला. २०२५ मध्ये काही कारंजी हजार फुटांच्या वर गेली. नातू मला फोनवर ती दाखवतो. त्याच राखाडी भगदाडात लाल धार उभी राहिलेली. बघताना मला दरवेळी तो फुलाफुलांचा शर्ट आठवतो. घर बांधलं का त्याने पुन्हा? बांधलं असेल तर कुठे?

आता त्या वादाच्या वस्तूबद्दल.

घर रिकामं करताना पाटा निघाला. गेली वीस वर्षं तो गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली होता. पूर्वी वर्षातून एकदा दारावर बाई यायची, "टाकी लावायची का" म्हणत. छिन्नीने ठोकून ठोकून पाट्याला पुन्हा खरबरीत करून द्यायची. ती यायची थांबली, मग पाटा गुळगुळीत झाला, मग मिक्सर आला, मग तुळस. सामान हलवणारी मुलं म्हणाली, "काकू, हा न्यायचाय?" भंगारवाला दगड घेत नाही. मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आई, अकराव्या मजल्यावर मॉड्युलर किचनमध्ये पाटा कुठे ठेवणारेस?" आणि ह्यांनी, म्हणजे ज्यांच्या आईचा तो, खड्ड्याकडे बोट दाखवून म्हटलं, "अगं, आता इथूनच हाच दगड ट्रकच्या ट्रक भरून बाहेर जाणार आहे. हवा तेवढा घे."

खरं होतं ते. तरी मी ऐकलं नाही. पाटा इथे आणला, भाड्याच्या गॅलरीत. त्यावरून दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी हे आपणहून तुळस त्याच्यावर ठेवून गेले.

परवा दुपारी एकच्या शांततेत आम्ही दोघं गॅलरीत उभे होतो. बिल्डर तीन वर्षं म्हणतो, म्हणजे चार धरा. मी सत्तरीची, हे त्र्याहत्तरचे. जे आम्ही एकमेकांना कधी विचारत नाही ते माझ्या तोंडून निघून गेलं. "आपल्याला बघायला मिळेल ना हो ते घर?"

हे जरा वेळ खड्ड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दगडाच्या हिशेबात तीन वर्षं म्हणजे काहीच नाही."

"आणि आपल्या हिशेबात?"

ते काही बोलले नाहीत. चपला घालून खाली गेले. मला वाटलं चिडले. वरून बघतेय तर हे खड्ड्याच्या काठावर सुपरवायझरशी हात हलवून बोलतायत, हेल्मेट घातलेला तो पोरगा मान डोलावतोय. पंधरा मिनिटांनी वर आले, हातात दुधाची रिकामी पिशवी. त्यात आमच्या घराखालच्या काळ्या पाषाणाचा एक तुकडा, मुठीएवढा. त्यात एक पोकळी, आणि पोकळीत साखरेसारखे पांढरे, चमकणारे स्फटिक. लाव्हा निवताना आत वायूचे बुडबुडे अडकतात, मग लाखो वर्षं पाणी झिरपून झिरपून त्यात असे स्फटिक वाढतात, हे म्हणाले. चाळीस वर्षं आम्ही याच्या वर पोळ्या लाटत होतो आणि हे खाली अंधारात बसलं होतं.

"ठेवून या तो परत," मी म्हटलं. "वनदेवी रागवेल."

"टपालखर्च नाही लागत," हे म्हणाले, आणि त्यांनी तो तुळशीपाशी, पाट्याच्या कडेला ठेवला.

आज तुळस उतरवली, पाटा धुतला, आणि लसूण-खोबऱ्याची चटणी त्यावर वाटली. गुळगुळीत झालाय, नीट वाटली जात नाही, कंबर धरलीय. टाकी लावणारं कुणी अजून फिरतं का, कर्वेनगर-वारजे भागात कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.

चला, दोन वाजले. टक् टक् सुरू झालं.